आरामखुर्चीचं चित्र : जलरंग आणि पेन्सिल, ३० मार्च ते १ जून

३० मार्च २०२५, रविवार, गुढीपाडवा

सोलापूरच्या साखर पेठेतलं आमचं माळवदी (मातीच्या सपाट छताचं) घर पावसाळ्याआधी उतरवायचं ठरलं. आज सामानाची वाटणी झाली. सोप्यातली सागवानी आरामखुर्ची लातूरला आतेबहिणीकडे जाणार, ३१ मेच्या आत. तिच्याकडे व्हरांडा आहे. माझ्या फ्लॅटच्या दारातून ती आतही येणार नाही. वाटणी योग्यच झाली. पण खुर्ची जाण्याआधी तिचं चित्र व्हायला हवं, जलरंगात आणि पेन्सिलीत, मापांसकट.

मोबाईलवर चाळीस फोटो काढून झालेत. वेताची वीण दिसते त्या फोटोत लाकूड काळंठिक्कर पडतं, लाकूड उजळ येतं त्यात वीण पांढरी फटक. ज्यांच्या घरातून अशी एखादी वस्तू जाणार आहे त्यांना उपयोग होईल म्हणून या नोंदी ठेवतेय. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या होत्या. त्यानंतर बँकेत लागले आणि ब्रश सुटला. एवढीच तयारी.

१ एप्रिल

सुरुवात करण्याआधी दुसऱ्यांनी फर्निचर कसं रंगवलंय ते दोन रात्री बघत बसले. त्यातला एक संग्रह, ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’, आता सोडवत नाही. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेतल्या सरकारनं बेकार चित्रकारांना काम दिलं : जुन्या पेट्या, कपाटं, खुर्च्या, बाहुल्या, कुलपं, गोधड्या जशा आहेत तशा कागदावर उतरवायच्या. १९३५ मध्ये काम सुरू झालं आणि १९४२ पर्यंत सुमारे अठरा हजार चित्रं झाली. ती आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत आणि नेटवर मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतात. त्या काळचा रंगीत फोटो रंगाला इमानदार राहत नसे, म्हणून हाताचं काम.

यांतल्या बऱ्याच चित्रांखाली माध्यम म्हणून फक्त जलरंग, पेन्सिल आणि कागद असं लिहिलेलं असतं, जोडीला मूळ वस्तूची मापं. चित्रात मागे खोली नाही, खिडकी नाही, फुलदाणी नाही. कोरा कागद आणि वस्तू. जमिनीवर जेमतेम सावली, पाय हवेत तरंगू नयेत इतकीच. प्रकाश वरून डाव्या बाजूनं.

मला सगळ्यात धरून ठेवलं ते झिजेनं. रंगवलेल्या पेटीचा रंग जिथे हात लागून लागून उडालाय, तिथे तो उडालेलाच ठेवलाय. खालच्या फळीला पडलेली चीर आहे, कडेचा टवका आहे. शेकर या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या साध्या खुर्च्या बघितल्या. कापडी पट्ट्या चौकटीत विणून त्यांची बैठक करत. चित्रात प्रत्येक पट्टी दुसरीच्या खाली जाताना किंचित दबलेली दिसते. मोठं करून बघितलं तर तो दाब फक्त पेन्सिलीच्या एका करड्या रेघेत आहे, रंगात नाही. मी आजवर पेन्सिल म्हणजे कच्चं काम आणि रंग म्हणजे पक्कं असंच समजत होते. इथे दोघी शेवटपर्यंत जोडीनं राबतात.

५ आणि ६ एप्रिल

मापं घेतली. पाच तास लागले, कारण खुर्चीत सरळ रेघ अशी एकच, पुढची आडवी पट्टी. लांबी हाताच्या टोकापासून १०४ सेंटिमीटर, पाठीची उंची ९६, रुंदी ६६, पुढचे पाय ३८. कापडी टेपनं वळणाची मापं चुकली, दोन वेळा वेगवेगळी आली. मग ओळंबा लावला. आत्याच्या शिवणाच्या डब्यातला दोरा आणि एक नट, आडव्या काठीला बांधून, आणि दर १० सेंटिमीटरला दोऱ्यापासून लाकडापर्यंतचं अंतर. हे पहिल्यांदाच करायला हवं होतं.

चित्रासाठी खुर्ची दारासमोर थोडी तिरकी ठेवली. जमिनीवर पायांभोवती खडूनं खुणा केल्या, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं. हाताखालची फिरती पट्टी, जिच्यावर पाय टाकून आजोबा झोपत, ती एका बाजूची बाहेर काढली आणि दुसरी आत ठेवली, म्हणजे ती कशी चालते ते चित्रातच कळेल. इथून पुढे डावं-उजवं बसणाऱ्याच्या बाजूनं लिहीन. उजवी बाजू उजेडात आहे.

आत्या आली, बघत उभी राहिली. "काय करायलीस गं? खुर्चीला कपडे शिवायलीस का?"

१३ आणि १४ एप्रिल

पेन्सिलकाम. प्रमाण १:३, म्हणजे पुढचा पाय कागदावर १२.७ सेंटिमीटर. मागे जाणारं सगळं नजरेप्रमाणे लहान होतं, तेव्हा हे प्रमाण पुढच्या पायांनाच लागू.

वेताची वीण इथेच भोवली. भोकं मोजली : रुंदीत ४०, बैठकीच्या लांबीत ४० आणि पाठीत ५६. एकूण ३,८४०. पहिल्या दिवशी मी पट्टीनं सारख्या अंतरावर खुणा करत गेले. संध्याकाळी लांबून बघितलं तर बैठक भिंतीवर टांगलेल्या चाळणीसारखी उभी. मागे जाताना अंतरं कमी व्हायला हवीत, हे डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. सात तासांचं काम खोडलं.

दुसऱ्या दिवशी रीत बदलली. बैठकीच्या चौकोनाचे दोन कर्ण काढले. ते छेदतात तो चित्रातला खरा मध्य, पट्टीनं मोजलेला मध्य नव्हे. त्यातून चौकोनाचे चार भाग, प्रत्येकाचे पुन्हा तसेच. तीन वेळा केलं की प्रत्येक बाजूला आठ पट्टे पडतात. बैठकीत एका पट्ट्यात ५ भोकं, पाठीच्या लांबीत ७. एवढी नजरेनं बसवता येतात. बैठक आणि पाठ यांच्या मध्ये वाक आहे, म्हणून दोघींचे चौकोन वेगळे धरले.

या विणीत दोन वेत उभे, दोन आडवे, दोन तिरके असतात आणि त्यातून अष्टकोनी भोक तयार होतं. सगळे सहा वेत काढायला गेलात तर कागदाचा कोळसा होईल. मी भोकं काढली आणि वेत कोरा सोडला. पेन्सिल २एच, म्हणजे कडक, आणि रेघ अगदी हलकी. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, बसला की खालची रेघ रंगातल्या गोंदानं धरली जाते आणि पुढे खोडता येत नाही. एका कोपऱ्यात मी विसरून मऊ ‘बी’ पेन्सिल वापरली होती, तिची पूड पिवळ्यात मिसळून हिरवट डाग पडला. पिवळ्या रंगाखाली मऊ पेन्सिल नको.

२० एप्रिल, रविवार

आज सगळा कागद गेला.

वेत कोरा राखायचा म्हणून मास्किंग फ्लुइड आणलं होतं, २६० रुपयांचं. हा रबरी द्रव लावलेल्या जागी रंग बसत नाही, नंतर तो चोळून काढायचा. शनिवारी दुपारी तीन तास बसून वेतावर लावलं. ते पूर्ण वाळावं म्हणून बोर्ड रात्रभर आणि आज दुपारपर्यंत माळवदाखालच्या खोलीत ठेवला. त्या खोलीत पत्र्याच्या खिडकीतून ऊन येतं. सोलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, आतली गोष्ट सांगायला नको. फ्लुइड उन्हात भाजून निघालं. भोकांत गडद रंग भरून झाल्यावर ते चोळून काढायला घेतलं तर रबर निघेना, कागदाची साल निघाली. पाठीचा अर्धा भाग लव आल्यासारखा झालाय. त्यावर रंग टाकला की टीपकागदावर शाई पसरावी तसा पसरतो.

दोष माझाच. बाटलीवर लिहिलं होतं, लावून तासन्‌तास ठेवू नका, उन्हात ठेवू नका. कोपऱ्यात चाचणीही घेतली नव्हती. आणखी मोठी चूक : रंगाला हात लावण्याआधी पेन्सिलकाम ट्रेसिंग पेपरवर उतरवून ठेवलं नव्हतं. चौदा तासांचं आरेखन आणि तीन तासांचं मास्किंग.

संध्याकाळी काहीच केलं नाही. सिद्धेश्वर तलावावर जाऊन बसले.

२७ एप्रिल

खराब कागदावरच्या रेघा शाबूत आहेत, हे दोन दिवसांनी लक्षात आलं. त्या ट्रेसिंगवर घेतल्या, ट्रेसिंगच्या मागे पेन्सिल घासून नव्या कागदावर उमटवल्या. नऊ तास. यातच पुढच्या डाव्या पायाची जाडी चुकलेली सापडली, तीही सुधारली.

नवा कागद भिजवून बोर्डावर खाकी गमटेपनं ताणला. ३०० जीएसएमचा, गुळगुळीत, सुती. खरखरीत कागदावर २एचची रेघ तुटक येते आणि वेत लोकरीसारखा दिसतो. तिसरा कागद कापून चाचणीच्या पट्ट्या केल्या. आता प्रत्येक रंग आधी पट्टीवर.

पट्टीवरच दुसरं दुखणं कळलं. वॉश वाळला की त्यात दाणे दिसायचे, अल्ट्रामरीन तर वाळूसारखा वेगळा व्हायचा. तीन कागद, दोन ब्रश बदलून बघितले, दोन संध्याकाळी गेल्या. कारण पाणी होतं. नळाचं पाणी संपलं की मी बोअरचं घेत होते, आणि ते इतकं जड की तांब्यावर पांढरा थर बसतो. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, ३० रुपयांची बाटली. दाणे गेले. बाटली महिनाभर पुरेल.

१ मे

लाकडाचा पहिला हात. यलो ऑकर भरपूर पाण्यात, त्यावर बर्न्ट सिएना. गडद जागी बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन. ट्यूबमधला तयार तपकिरी लावून बघितला, लाकूड पुठ्ठ्यासारखं मेलं.

खुर्चीचा उजवा हात कागदावर २६ सेंटिमीटर लांब आहे. अर्ध्यावर पोचेपर्यंत मागचा रंग वाळायचा आणि मध्ये कड पडायची. मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं, वाटीभर पाण्यात चार थेंब. त्यानं रंग ओला राहतो. मग वाटलं, आठ थेंब टाकले तर निवांत काम होईल. रंग चिकट राहिला आणि रात्री वर झाकलेला कागद त्याला चिकटला. ओल्या कापसानं टिपून टिपून सोडवला. हाताच्या टोकाशी फिकट चट्टा राहिलाय. चारच थेंब, आणि पहाटे पाच ते सात. दुपारी ब्रश हातात घ्यायचाच नाही.

४ मे

उजव्या बाजूचा मागचा पाय जमत नाही. इतर तीन पायांना जो रंग बसला तोच याला लावते, तर चित्रातला पाय खुर्चीतल्यापेक्षा पिवळा दिसतो. आधी वाटलं सावली. खुर्ची फिरवली, खडूच्या खुणांवर पुन्हा ठेवली. मग वाटलं पॉलिश जुनं-नवं असेल. पट्टीवर अकरा मिश्रणं केली. जवळ आलं ते बर्न्ट सिएनात किरमिजीची छटा घालून, तेव्हा पाय बरोबर दिसला आणि खुर्ची चुकीची. तीन पाय एका रंगाचे, एक वेगळ्याच.

खाली आडवी झाले, टॉर्च लावला. त्या पायाचे रेषे जाडेभरडे आहेत, सागवानासारखे लांब सुटे नाहीत. सांध्याजवळ इतर पायांवर पटाशीनं पाडलेल्या बारीक खुणा आहेत, एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा, जोडणीत कुठला पाय कुठे जायचा ते कळावं म्हणून. चौथ्या पायावर काही नाही.

आत्याला विचारलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तो बाभळीचा की. ७२ च्या दुष्काळात मोडली होती खुर्ची. अण्णा पहिल्या पाळीहून आलेले, दोन पोरं मांडीवर, अन् पाय मोडला की खाली. सागवान आणायला पैसे कुठले होते तवा? सुतारानं शेतातली बाभळ आणून बसवली."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. १८७७ साली उभ्या राहिलेल्या जुन्या मिलमध्ये टाइमकीपर होते, तिथून सुटल्यावर दुसऱ्या मिलमध्ये. मी या खुर्चीत बसून अभ्यास केलाय, झोपलेय, पडलेय. पन्नास वर्षांत मला तो पाय वेगळा दिसला नाही. रंग जुळेना म्हणून दिसला.

पाय लालसरच ठेवलाय. एकसारखा करण्याचा मोह झाला होता, कारण बघणाऱ्याला ती चूक वाटेल. पण अमेरिकेतल्या त्या पेट्यांचे टवके आठवले.

११ आणि १२ मे

वेत. मास्किंगशिवाय. आधी सगळ्या विणीवर एकच गवती वॉश : यलो ऑकर, त्यात बर्न्ट अंबरचा कण. वाळल्यावर भोकं एकेक करून १ नंबरच्या ब्रशनं भरली. भोकातून पलीकडचं दिसतं, त्यामुळे सगळी भोकं एका रंगाची नसतात. बैठकीची भोकं खालच्या शहाबादी फरशीमुळे करडी, पाठीची वरच्या बाजूला भिंतीमुळे फिकट आणि खाली गडद. हे कळेपर्यंत पहिल्या तीन ओळी सरसकट काळ्या भरून झाल्या होत्या. त्या ओल्या ब्रशनं उचलल्या, तरी थोड्या जड राहिल्यात.

मग पुन्हा पेन्सिल. २एचला कटरनं लांब टोक काढून सॅंडपेपरवर घासलं आणि प्रत्येक वेताच्या उजेडाविरुद्धच्या कडेला एक रेघ, वेत दुसऱ्याखाली जातो तिथे किंचित दाबून. ही रेघ पडली तसा सपाट पिवळा रंग गोल झाला. वेत वेतावरून जाताना दिसू लागला. एप्रिलच्या पहिल्या रात्री पट्ट्यांच्या बैठकीत जे बघितलं होतं, ते माझ्या हातून व्हायला लागल्यावर मी अर्धा तास ती एकच जागा करत राहिले.

बैठकीच्या पुढच्या कडेला सात-आठ वेत तुटून वर आलेत. तेही तसेच काढले. वेतकाम करणारे काका परवा बघायला आले होते, म्हणाले, "ताई, हे तुटलेलं चांगलं काढलंत, यावरून सांगता येतं की माणूस पुढं सरकून उठत होता."

पहिल्या दिवशी सहा तास, दुसऱ्या दिवशी पाच. मान धरली.

१८ मे

वळवाचा पाऊस. हवा दमट, वॉश चाळीस मिनिटं ओला. ग्लिसरीन बंद. महिनाभर ज्याच्याशी झगडले ते उलटं झालं आणि आता रंग पसरतोय. खुर्चीच्या उजव्या हातावरचे पेल्याचे पांढरे गोल आज केले. एकूण पाच आहेत, तीन एकमेकांत अडकलेले. ते रंगानं होत नाहीत. लाकडाचा वॉश लावून वाळल्यावर ओल्या ब्रशनं गोल फिरवायचं आणि टिपकागदानं दाबायचं, रंग उचलला जातो. त्याच हाताला टोकाशी पंजाएवढी जागा झिजून गुळगुळीत झालीय. तिथे रंग कमी, पेन्सिलीची जवळजवळ न दिसणारी छाया जास्त. माझा हात त्यावर ठेवून बघितला. अण्णांचा पंजा माझ्यापेक्षा मोठा होता.

२५ मे

पूर्ण. खाली डाव्या कोपऱ्यात फिरत्या पट्टीचा पितळी बोल्ट आणि पायांच्या व पट्ट्यांच्या सांध्यांवरच्या पटाशीच्या खुणा मोठ्या करून फक्त पेन्सिलीत काढल्या. मापं लिहिली. "मागचा उजवा पाय बाभूळ, १९७२" असंही लिहिलं.

खर्च : कागद तीन, ११४०. मास्किंग फ्लुइड २६०. गमटेप १४०. दोन ब्रश ३१०. पेन्सिली आणि मऊ खोडरबर १५०. ग्लिसरीन ४५, पाणी ३०. एकूण २०७५ रुपये, रंगाच्या ट्यूब घरातल्याच. यात २६० पूर्ण वाया आणि एक कागद. वेळ ५२ तास, त्यातले १९ खोडण्यात, मास्किंगमध्ये आणि पुन्हा काढण्यात गेले. चाचणीच्या पट्ट्यांवरच्या संध्याकाळी मोजलेल्या नाहीत.

जे अजून खुपतं : पाठीचा वरचा कंगोरा मी थोडा जास्त वळवलाय, ओळंब्याच्या मापाशी ताडून बघितलं तर कागदावर २ मिलिमीटरचा फरक आहे. वॉश बसल्यावर कळलं.

१ जून, रविवार

काल सकाळी टेम्पो आला. खुर्ची दारातून निघेना म्हणून फिरत्या पट्ट्या बोल्टसकट काढल्या आणि वेगळ्या गोणपाटात बांधल्या. सोप्यात खडूच्या चार खुणा राहिल्यात.

आज दुपारी लातूरहून आतेबहिणीचा फोन. "अगं, पट्ट्या दोन्ही सारख्याच दिसतात, पण एक बसते अन् दुसरी अडकते. कुठली कुठल्या बाजूची?" मी चित्राच्या कोपऱ्याचा फोटो पाठवला. एका रेघेची पट्टी उजवीकडे, दोन रेघांची डावीकडे, बोल्टचं डोकं खालून. दहा मिनिटांनी तिचा फोटो आला : दोन्ही पट्ट्या बाहेर काढलेल्या आणि त्यांच्यावर तिच्या मुलाचे पाय.